थर प्रकल्प: वाळूतले साप, जागच्या जागी (कामाच्या नोंदी)

१८ मे, पुणे

काय करायचं आणि काय नाही ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे तिकडे जाऊन वाद नको. जैसलमेरच्या बाजूचे साप आणि त्यांच्या आसपास राहणारे प्राणी टिपायचे. जिथे दिसतील तिथेच आणि हात न लावता. साप उचलायची काठी सामानात न्यायचीच नाही. जवळ असली की मोह होतो.

हा हट्ट का? कारण उचलून मांडलेल्या सापाचा फोटो लगेच ओळखू येतो. स्वच्छ दगड, त्यावर मधोमध वेटोळं, आणि मागे त्या जातीच्या नशिबात कधी न येणारी हिरवळ. बऱ्याचदा त्याआधी तो साप डब्याखाली झाकून दमवलेला असतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) पकडणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, ही गोष्ट वेगळी. माझी तक्रार फोटोबद्दलही आहे. त्यात साप दिसतो, पण तो तिथे काय करत होता ते दिसत नाही.

काळ ठरला: जुलैचा शेवटचा आठवडा. जैसलमेरात वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. पण पहिल्या दोन-चार सरी आल्या की किडे निघतात, किड्यांमागे पाली आणि पालींमागे साप. शिवाय २४ जुलैला अमावस्या. चांदण्यात उंदीर बिळाबाहेर यायला बिचकतात, त्यामुळे काळोख्या रात्री बऱ्या. २४ म्हणजे गटारी, हे घरी लक्षात आलंच. त्यावरून जे बोलायचं ते सगळे बोलून झाले.

१५ जून, पुणे

आजचा दिवस दवाखान्याच्या हिशेबात गेला. कोकणात वाढलेल्याला फुरसं नवीन नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर वीत-दीड वीत लांबीचं फुरसं दगडाखाली असतंच. थरमधलं त्याच जातीतलं, पण उपजात वेगळी आणि अंगानं चांगलंच मोठं. खरी अडचण लसीची. आपल्याकडच्या सर्पदंशाच्या लसीसाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून येतं, म्हणजे साप तिकडचे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की पश्चिम राजस्थानातलं फुरसं आणि सिंधी मण्यार या दोघांच्या विषावर बाजारातली लस फारच कमी चालते. दवाखाना गाठायचा तो गाठायचाच, लस घ्यायचीच. पण 'चावलं तर बघू' हा विचार इथे चालणार नाही.

म्हणून ठरलं ते असं. घोट्याच्या वरपर्यंत जाड बूट, त्यावर पोटरीला गुंडाळायचे जाड पट्टे. रात्री वाळूत बसायचं असेल तर आधी बसायची जागा टॉर्चनं तपासायची. कॅमेऱ्यामागे एक जण असेल तर दुसऱ्याच्या हातात फक्त टॉर्च, आणि नजर सापावर. गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून उभी. एका प्राण्यापाशी दहा मिनिटं, त्यापुढे नाही.

सीमेजवळच्या गावांना परवानगी लागते. ती कामं सुरू केली.

२३ जुलै, सम आणि खुडी या गावांच्या मधली एक ढाणी (वाळवंटातली छोटी वस्ती)

पोचलो. समच्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, मुक्काम करायचा नाही हे आधीच ठरलं होतं. संध्याकाळ झाली की तिथे जीपगाड्या वाळूवर उड्या मारतात, मग रात्री उशिरापर्यंत गाणी आणि दिवे. ज्या वाळूवर रात्रभराची वर्दळ वाचायची, ती आधीच टायरांनी खोडलेली. आम्ही दक्षिणेला एका ढाणीवर उतरलोय. आजूबाजूला सेवण गवताची ठोंबं, फोग, खींप, मधूनमधून खेजडी म्हणजे आपली शमी, आणि केरची झुडपं.

वाट दाखवायला गावातले एक वयस्कर गृहस्थ आहेत. सगळे त्यांना बासा म्हणतात, आम्हीही बासाच म्हणतो. हरवलेल्या उंटाचा माग काढण्यात त्यांची उमर गेली. आमचं सामान बघून ते एवढंच म्हणाले, "इतनी बत्ती मत जलाना भाईसा. रेत बुझ जावे है."

कळलं नाही. रात्री कळलं. डोक्यावरचा दिवा सरळ वरून पडला की वाळू सपाट, पांढरी होऊन जाते आणि एकही खूण दिसत नाही. टॉर्च गुडघ्याच्या खाली, जवळजवळ जमिनीला टेकवून आडवी धरायची. मग प्रत्येक खळग्याला सावली पडते आणि भुंग्याची पावलंसुद्धा उठून दिसतात.

२४ जुलै, रात्र

दिवसभर वारा होता. साडेआठच्या सुमारास पडला. बासा म्हणाले, "आता निघा." वारा पडल्यावर उमटलेलं जे काही असेल ते आजचं, आत्ताचं, आधीचं सगळं वाऱ्यानं पुसलेलं.

पहिला तास भुंगे, आणि वाळूत पोहणाऱ्या सापसुरळीच्या रेघा. ही वाळूवरून चालत नाही. पृष्ठभागाच्या जरा खालून नागमोडी सरकते, आणि वर फुगलेली वाकडीतिकडी रेघ तेवढी राहते. रेघ जिथे संपली तिथे ती असणार, हे माहीत असून आम्ही उकरलं नाही. आमच्यातला मॅक्रोवाला, म्हणजे बारीक प्राणी अगदी जवळून टिपणारा, जरा खट्टू झाला.

मग बासांनी टॉर्च खाली केली. वाळूवर एकमेकांना समांतर, तिरप्या, सुट्या रेघा. प्रत्येक रेघ हातभर आणि एका टोकाला आकड्यासारखी वळलेली. मधली वाळू कोरी, कुठेही घसटलेली नाही. फुरसं असंच जातं: अंगाचा एक भाग टेकवायचा, बाकीचं उचलून बाजूला टाकायचं. सैल वाळूत सरळ सरपटण्यापेक्षा हे सोपं पडतं, आणि तापलेल्या वाळूला अंगही कमी लागतं.

"बांडी," बासा म्हणाले. इकडे फुरशाला बांडी म्हणतात. आकडा ज्या बाजूला वळलाय त्या बाजूला ती गेलीय. रेघांच्या कडा धारदार होत्या. एका रेघेवरून भुंगा चालत गेला होता, म्हणजे ती भुंग्याच्या आधीची. पण पुढच्या रेघा कोऱ्या. आम्ही मागोमाग न जाता मागाला समांतर, तीन पावलं बाजूनं गेलो, म्हणजे माग शाबूत राहतो आणि चुकलाच तर परत सापडतो.

माग खींपच्या झुडपाशी थांबला. तिथे काहीच नाही. टॉर्च फिरवली, परत फिरवली. मग बासांनी काडीनं दाखवलं, हातभर लांबून. वाळूत दोन डोळे. बाकी सगळं अंग वाळूखाली, आणि डोक्यावरची बाणासारखी खूणसुद्धा अर्धी झाकलेली. उभी बाहुली, फटीसारखी बारीक.

लांब मॅक्रो लेन्स होती म्हणून अंतर राखता आलं. पोटावर आडवा झालो, कोपराखाली जाजमाचा तुकडा. फ्लॅशला उजेड मऊ करणारा पांढरा डिफ्युझर, तोही एका बाजूनं आणि खालून, टॉर्चसारखाच. समोरून मारला तर वाळू आणि साप एकाच रंगात विरघळतात. चौथ्या-पाचव्या फ्रेममध्ये स्क्रीन मोठी करून बघितली, तर डोळ्यावर वाळूचे कण. सापाला पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यावरच कण पडून राहिले होते आणि त्याचं फुरशाला काही नव्हतं. एक कण काळा, बाकी मधाच्या रंगाचे. मोजता येतील इतके स्पष्ट. असा फोटो उचलून मांडलेल्या सापाचा येणं शक्य नाही. उचलल्यावर पहिली गोष्ट होते ती म्हणजे वाळू झडते.

दहा मिनिटं झाली. उठलो. उठताना बूट जरा जोरात टेकला असावा. वाळू हलली, अंग बाहेर आलं, वेटोळ्याच्या कडा एकमेकींवर घासायला लागल्या आणि तो आवाज सुरू झाला. तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा, फक्त न थांबणारा. बाजूच्या खवल्यांवर करवतीसारखे दात असतात, ते घासून येतो. आम्ही मागे सरलो. थोड्या वेळानं आवाज बंद झाला आणि ती त्याच झुडपाच्या दुसऱ्या बाजूला गेली.

२६ जुलै

भर दुपारी लोंगेवालाच्या बाजूच्या धोऱ्यांवर. वाळूचं तापमान ६० अंशांच्या वर. आम्ही खेजडीच्या सावलीला आणि प्राणी उन्हात, अशी उलटी गंमत. इथला बेडकाच्या तोंडाचा छोटा सरडा याच गावाच्या नावानं ओळखला जातो. १९७८ मध्ये त्याचं वर्णन झालं ते इथल्याच नमुन्यांवरून. रुपयाएवढं तोंड, चपटं अंग, रंग वाळूचा. जवळ गेलं की अंग डावी-उजवीकडे थरथरवतो आणि बघता बघता वाळूत बुडतो. बुडतानाची मालिका मिळाली. शेवटच्या फ्रेममध्ये सरडा नाही, फक्त वाळूतली हलकी लाट. तीच सगळ्यात आवडली.

परतताना कडक जमिनीवर सांडे. जाडजूड सरडे, शेपटीवर काट्यांची कडी, आणि खाणं मुख्यतः पाला. संध्याकाळी बिळात शिरून आतून मातीनं दार बंद करतात. बिळांच्या तोंडाशी एके ठिकाणी फासे सापडले. 'सांड्याचं तेल' नावाच्या बोगस औषधापायी हे अजून चालतं. जागा आणि फोटो वनखात्याला कळवले.

२७ जुलै

दिवसभर आणि रात्रभर वारा. कॅमेरे उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवले. तरी झूमच्या रिंगमध्ये वाळू कुरकुरतेच आहे. लेन्स मोकळ्यावर बदलायची नाही हा नियम आता सगळ्यांना पटलाय. दुसरं काही नाही.

२८ जुलै

सकाळी शेजारच्या ढाणीवरून बोलावणं. टांक्यात साप पडलाय. टांकं म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची गोल टाकी, वर लहान तोंड. वाकून बघितलं तर बोटाएवढा जाड, लांबसडक, अंगावर फिकट पट्टे असलेला वाळूसाप. पाण्यावर तरंगत भिंतीशी चकरा मारतोय, आणि गुळगुळीत गिलाव्यावर चढता येत नाही. घरातल्या बाईंना पाणी हवं होतं आणि सापाचं काहीही झालं तरी चालणार होतं.

बासांनी खींपच्या फांद्यांची मोळी बांधून दोरानं आत सोडली आणि दोराचं टोक बाहेर खुंटीला बांधलं. सगळ्यांना लांब उभं केलं. अर्ध्या तासानं साप मोळीवरून दोरावर, दोरावरून बाहेर, आणि पापणी लवायच्या आत केरच्या जाळीत. मॅक्रोवाला विचारतो, हे नियमात बसतं का? हात लावला नाही, पण साप कुठे जाणार ते आपण ठरवलं. मी म्हटलं, बसतं की नाही ते सोड, फोटो प्रकल्पात धरायचा नाही. त्यानं तरी तीन काढलेत. ते त्या घरच्यांना पाठवणार आहे.

एक फांदी टांक्यात कायमची अडकवून ठेवा, असं बासा त्या बाईंना सांगून आले. पाली पडतात, पाखरं पडतात, तीही चढून येतील.

२९ जुलै, नागपंचमी

सकाळी आत्याचा फोन. "आज चिरू-कापू नकोस, तव्यावर काही टाकू नकोस, आणि आजचा दिवस तरी त्यांच्या मागे लागू नकोस रे बाबा." म्हटलं आत्या, इकडे नागपंचमी श्रावणाच्या वद्य पक्षात धरतात, ती होऊन गेली. "तुझी झाली का?" म्हणाली. दिंडे केले होते तिनं. इथे बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी.

रात्री मात्र तेच घडलं ज्यासाठी आलो होतो. ढाणीच्या मागच्या कुडाच्या भिंतीशी गोवऱ्यांचा ढीग आहे. दहाच्या सुमारास चंद्र मावळल्यावर घरातला मोठा मुलगा पळत आला: "पीवणा!" मण्यार. काळा, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, भिंतीच्या पायथ्यानं शांतपणे चाललेला.

पीवण्याबद्दल इथे सगळीकडे एकच गोष्ट ऐकू येते. तो झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसतो, श्वास पितो आणि तोंडात विष सोडून जातो. सकाळी माणूस उठतो तो गिळता येत नाही, पापण्या उघडत नाहीत, आणि अंगावर दंशाची खूण नाही. या गोष्टीत लक्षणं सगळी खरी आहेत. मण्यारीचे दात बारीक, दुखणं-सुजणं जवळजवळ नाही, आणि विष मज्जासंस्थेवर जातं. आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. लोकांनी पाहिलं ते अचूक. कारण तेवढं स्वतः जोडलं. बासांशी मी यावर वाद घातला नाही. एवढंच विचारलं, पावसाळ्यात झोपता कुठे? "आंगणात, जमिनीवर." खाट आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, यावर मात्र आम्ही बराच वेळ बोललो. खाट पीवण्यालाही अडवते, असं त्यांचंही मत पडलं.

फोटोंबद्दल. साधी मण्यार आणि सिंधी मण्यार दिसायला इतक्या सारख्या, की नुसत्या रंगावरून नाव देण्यात अर्थ नाही. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात: साध्या मण्यारीला १५, सिंधीला बहुधा १७. साप हातात न घेता हे मोजायचं तर एकच वाट आहे. पाठीच्या कण्यावरची रुंद षटकोनी खवल्यांची ओळ आणि पोटाच्या खवल्याची कड, दोन्ही एका फ्रेममध्ये स्वच्छ आली पाहिजेत. म्हणजे एका बाजूच्या ओळी मोजून दुप्पट करायच्या आणि कण्याची एक मिळवायची. म्हणून चेहऱ्याच्या मागे न लागता कॅमेरा अंगाच्या मध्यावर धरला, तिरपा, जरा वरून. भिंतीमुळे तो सरळ रेषेत चालला होता, हे आमचं नशीब. नंतर गोवऱ्यांमध्ये शिरला. तो ढीग उद्या घरापासून लांब हलवायचं ठरलं. साप आत असताना कोणी हात घालायचा नाही, हे मुलाला दोनदा बजावलं.

३१ जुलै

डेझर्ट नॅशनल पार्कच्या कडेनं परतीचा प्रवास. ३,१६२ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश, ज्यात गावं, शेतं, गुरं सगळं आहे. माळढोक राखलेल्या सुदासरीच्या कुंपणाकडे गेलो नाही. पावसाळा हा माळढोकांच्या विणीचा काळ, मादी बहुधा एकच अंडं घालते, आणि कोणाच्या फोटोसाठी ती उठावी असं आम्हाला वाटत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. तिथल्या माळावर हा पक्षी बघितलेली पिढी आता त्याच्या आठवणीच सांगते. इथे तो अजून आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. माळढोक वजनानं जड, त्याला समोरचं कमी दिसतं, ऐन वेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. दुसरीकडे त्याच वर्षी समच्या प्रजनन केंद्रातल्या कामातून कृत्रिम रेतनानं पहिलं पिल्लू जन्माला आलं. गाडीत यावर बरंच बोलणं झालं. बासांचं म्हणणं असं, की तारा बघायच्या तर खाली बघा, खांबांखाली काय पडलंय ते. एका खांबाखाली थांबलो. पिसं होती, गिधाडाची.

शेवटच्या रात्री अतिनील टॉर्च घेऊन खडकाळ मगऱ्यावर (उंचवट्यावर) अर्धा तास फिरलो होतो, ते लिहायचं राहिलं. विंचू निळे-हिरवे चमकतात, आणि इतके दिसतात की पाऊल कुठे टाकावं कळत नाही. जाड शेपटीचा काळा विंचू मिळाला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. रायगडात त्यांचं नाव घरोघरी माहीत. त्यामुळे विंचवाला घाबरणं मला कोकणानंच शिकवलंय, आणि फोटो दुरूनच आहेत.

१० ऑगस्ट, पुणे

निवड सुरू. आधी मण्यार. मध्याची फ्रेम मोठी केली, पोटाच्या कडेपासून कण्याच्या ओळीपर्यंत मोजलं: आठ. तिघांनी वेगवेगळं मोजलं, तिघांचे आठ. आठ दुणे सोळा आणि एक, सतरा. सिंधी मण्यार. नोंदीत फोटो आणि मोजणी दोन्ही जोडले, म्हणजे कोणाला शंका असेल तर पुन्हा मोजता येईल.

सगळ्या फायलींमधून जीपीएस काढून टाकला. बाहेर जाताना ठिकाण म्हणून फक्त 'जैसलमेर जिल्हा'. ३८ हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा आहे, शोधा. सांड्यांच्या वसाहतीचे रुंद फोटो तर बाहेर द्यायचेच नाहीत. मागच्या टेकडीच्या आकारावरूनही जागा सापडते.

फुरशाच्या डोळ्याचा फोटो ज्याला ज्याला दाखवला तो म्हणतो, वाळूचे कण पुसून टाक, फोटो स्वच्छ होईल. पुसणार नाही.

राहिलेलं: चंदन गोह (वाळवंटी घोरपड) नुसती पळताना दिसली. लाल ठिपक्यांचा राजसाप आणि वाळवंटी मांजर, दोघांचे फक्त माग मिळाले. मागांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतोय, शेजारी मोजपट्टी आणि वेळ लिहून. मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत, पुन्हा जायचं. बासांना फोन केला. गोवऱ्यांचा ढीग हलवलाय, खाटा तीन आल्यात, चौथी दिवाळीनंतर.